तेलाचं बोट

आमच्या घरात तेलाचं बोट लावल्याशिवाय काही म्हणजे काही बसत नसे. दाराची कडी असो, माझ्या सायकलची चेन असो, नाही तर ट्रकच्या इंजिनाचा बोल्ट, आबा आधी उजव्या हाताचं पहिलं बोट तेलाच्या वाटीत बुडवत, आटे त्या बोटानं पुसून घेत आणि मगच पाना उचलत. ही रीत त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवली होती. वस्ताद म्हणजे पैलवानकीतले नव्हेत, गॅरेजातले. पण आबा त्यांच्याविषयी बोलताना आवाज असा खाली आणत की ऐकणाऱ्याला तालमीत उभं असल्यासारखं वाटावं. वस्ताद गेल्यावर त्यांचा फोटो गॅरेजात लागला आणि रोज सकाळी उदबत्तीबरोबर फोटोच्या चौकटीलाही तेलाचं बोट लागू लागलं. आई सांगायची, मी जन्मले तेव्हा माझ्या टाळूवर पहिलं तेल आबांनीच घातलं. ते बहुतेक इंजिनाचं असावं, कारण माझं डोकं तेव्हापासून जे तापतं ते आजतागायत तापतंच आहे.

उद्यमनगरात आमचं पुढं गॅरेज आणि मागं दोन खोल्या. एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला लेथ. फाउंड्रीचा भाता सुरू झाला की आई चहाचं आधण ठेवायची आणि लेथ थांबला की ताटं घ्यायची. घरात घड्याळ होतं, पण ते शोभेला. त्या आवाजात आम्ही सगळेच ओरडून बोलायला शिकलो. घरात कुणी हळू बोललं तर त्याला बरं नाही असं समजून आई कपाळाला हात लावून बघायची. दुपारी ती लोखंडी तव्यावर मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे घालून तांब्याच्या बुडानं खर्डा रगडायला बसली, की ठसका थेट पुढच्या गॅरेजात जायचा. गाडीखाली आडवी पडलेली माणसं खोकत बाहेर यायची, हात धुवायची आणि भाकरी मागायची. गिऱ्हाईक म्हणून आलेले ड्रायव्हरही पंगतीला बसायचे. आईनं त्यातल्या कुणाला कधी परकं मानलं नाही आणि कुणाची गयही केली नाही. ताटात टाकलं की ती सरळ म्हणायची, "पोट लहान हुतं तर हात मोठा कशाला केलास?"

मी कॉलेजात कॉमर्सला होते, पण जीव सगळा गॅरेजात. शाळेत असल्यापासून आबांच्या शेजारी उकिडवी बसत आले होते. तेव्हापर्यंत मला ब्रेक खोलता येत होते, पंप उतरवता येत होता आणि इंजिनाचा आवाज ऐकून कुठं दुखतंय ते सांगता येत होतं. आबांना हे सगळं ठाऊक होतं. अडल्या कामाला ते मलाच हाक मारायचे. पण गिऱ्हाइकाची सावली दारात पडली की त्यांच्या तोंडून दोन शब्द निघायचे, "वंदी, आत जा." मग मी अर्धवट आवळलेला नट तसाच सोडून मागच्या खोलीत जायची आणि माझ्या हातचं काम आबा गिऱ्हाइकाला आपलं म्हणून दाखवायचे. त्यांच्या मनात कपट नव्हतं. पोरीला गॅरेजात राबवतो असं कुणी म्हणू नये, एवढीच त्यांची काळजी. पण मला त्याचा राग यायचा. आज मी पन्नाशीच्या पुढं आहे, गुडघे बोलतात, आबाही राहिले नाहीत, आणि तरी ते दोन शब्द आठवले की मला राग येतो. तो मी जपून ठेवला आहे. त्याच्या जोरावरच मी उभी राहिले.

मग टर्बोच्या गाड्या आल्या. टर्बो म्हणजे इंजिनाला जास्तीची हवा दाबून पाजणारा पंखा. ती दाबलेली हवा जाड रबरी नळीतून इंजिनात जाते. त्या नळीला आम्ही होज म्हणतो. पाईपच्या तोंडावर होज चढवायचा आणि वरून पत्र्याची गोल क्लिप आवळायची, एवढंच काम. गाडी रिकामी असली की त्या सांध्याला कसलाच त्रास नसतो. पण भरल्या गाडीनं चढाला जोर लावला की आतली हवा बाहेर पडायला वाट शोधते, आणि सांधा कच्चा असेल तर होज फट्‌दिशी निसटतो. टर्बोची शिट्टी बंद, मागं काळा धूर, आणि एवढा मोठा ट्रक म्हाताऱ्या बैलासारखा चढाच्या मध्येच बसकण मारतो.

हे दुखणं आमच्याकडं आणलं इसाकचाचांनी. ते कुरुंदवाडचे. त्यांच्या चार-पाच गाड्या होत्या आणि त्यातली एक ते स्वतः चालवायचे. इचलकरंजीहून कापडाच्या गाठी रत्नागिरीला न्यायच्या आणि येताना जांभ्या दगडाचे चिरे भरून आंबा घाट चढायचा, असा त्यांचा धंदा. आबांची आणि त्यांची जुनी दोस्ती, अरे-तुरेची. पहिल्यांदा होज निसटला तेव्हा आबा म्हणाले, क्लिप हलकी आहे. नवी क्लिप आणली, पाईपच्या तोंडाला तेलाचं बोट लावलं, होज सर्रकन चढला, क्लिप आवळली. घाटात पुन्हा निसटला. मग एकाच्या जागी दोन क्लिपा आल्या, पुन्हा तेलाचं बोट. पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी आबांनी क्लिप इतकी आवळली की पत्रा रबरात रुतून होज कापला गेला, आणि तो कापलेला होजही शेवटी निसटलाच.

मी तिथंच उभी होते. म्हटलं, "आबा, तेल लावू नका. रबरावर तेल, आन् मागनं एवढा दाब. घसरणारच की."

"गप बस. वस्तादांनी शिकवलेलं हाय त्ये."

"वस्तादांच्या टायमाला टर्बो हुता कुठं?"

आबांच्या हातातला पाना टेबलावर आदळला. फाउंड्री चालू होती तरी तो आवाज मागच्या खोलीत आईला ऐकू गेला. आबा म्हणाले, "लई शानी झालीस. उद्यापास्नं गॅरेजात पाय ठेवायचा न्हाय. रविवारी कोडोलीचं पावणं तुला बघाय येणार हाईत. हात बघ की तुझं! पोरीचं हात हाईत व्हय हे?"

मी हात बघितले. नखांत काळं होतं आणि ते कितीही साबण लावला तरी जाणार नव्हतं. मला ते हात आवडत होते.

आता खरं सांगायचं तर माझंही घोडं अडलेलं होतं. तेल नको हे मला कळलं होतं. पण तेल नाही तर काय, हे कळत नव्हतं. आबांची पाठ वळली की मी एक जुना पाईप घेऊन बघायची. पेट्रोलनं पुसून कोरडा ठणठणीत केला तर नवा होज त्यावर चढतच नव्हता, कितीही अंग टाका. कासार बांगडी चढवतो तसं साबणाचं पाणी लावून बघितलं. चढला छान, पण ओल लागली की पुन्हा बुळबुळीत. चढवताना घसरलं पाहिजे आणि चढल्यावर धरलं पाहिजे, अशी वस्तू मला हवी होती. वस्तादांच्या फोटोसमोर उभी राहून मी मनातल्या मनात त्यांच्याशीही भांडून घेतलं.

रविवार उजाडला. आमच्याच गल्लीच्या तोंडाला माझ्या मालूआत्याचं ब्युटी पार्लर होतं. आत्या आबांची धाकटी बहीण, नवरा गेल्यावर कुणाच्या दारात न जाता स्वतः हे काम शिकलेली. एका खोलीत पडदा, आरसा, फिरती खुर्ची आणि समोर बायकांची रांग. तिनं मला खुर्चीत दाबून बसवलं, केसांचा हा एवढा मोठा अंबाडा घातला, त्याला खालून रबर लावलं आणि वरून एका डब्यातून फवारा मारायला सुरुवात केली. फवारा थंड, ओला, बोटाला लागला तर तेलासारखा सरकणारा. मी म्हटलं, "आत्या, हे घसरालंय. अंबाडा सुटंल."

"थांब की जरा. वाळू दे. मग वादळ आलं तरी हलायचा न्हाय."

ती चहा आणायला आत गेली. मी आरशात स्वतःला बघितलं. बघायच्या कार्यक्रमाला निघालेली ती मुलगी मला मुळीच ओळखीची वाटली नाही. मी रबर ओढून काढायला गेले. निघेना. केसांना चिकटून बसलं होतं. मघाशी ज्याच्यावरून बोट सरकत होतं तेच आता धरून बसलं होतं. मी रबर पुन्हा ओढलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण रबर हललं नाही. आरशातली मुलगी हसायला लागली आणि तेव्हा मात्र मला ती ओळखू आली. डबा उचलून मी पळत सुटले. मागनं आत्याचा आवाज आला, "अगं बाई, नवा हाय त्यो!"

गॅरेजसमोर इसाकचाचांची गाडी उभी होती. रात्रभर रखडत, धूर ओकत ती घाटातून आली होती आणि आता थंड पडली होती. इसाकचाचा पायरीवर बसले होते. नेहमी मोठ्यानं बोलणारा हा माणूस हळू बोलत होता, आणि आई त्यांच्याकडं काळजीनं बघत होती. ते सांगत होते, "वळणावर होज उडला. गाडी मागं सरली, आबा. मागं यष्टी हुती, माणसं भरलेली. यष्टीच्या कंडक्टरनं उडी मारून चाकाला दगड लावला म्हणून थांबली. तुझ्यावर राग न्हाय माझा. पण आता हे जिवावर आलंय. सगळ्या गाड्या दुसरीकडं नेतो."

आबांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. त्यांचं बोट सवयीनं तेलाच्या वाटीकडं जात होतं.

"मी बसवतो," मी म्हटलं. आमच्याकडं पोरीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. बाहेरचे हसतात, हसू देत.

आबांनी वर बघितलं. अंगावर जरीची साडी, डोक्यावर तो डोंगर, हातात फवाऱ्याचा डबा. ते म्हणाले, "वंदी, आत जा."

"न्हाय जात."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. मी पुढं बोलले, "तेलाचं बोट न लावता बसवतो. सांधा सुटला तर परत गॅरेजात पाय ठेवणार न्हाय. कोडोली म्हणा, कुठं म्हणा, सांगशीला तिथं गप जातो. पण न्हाय सुटला तर मला आत जा म्हणायचं न्हाय. कुणाम्होरं न्हाय."

आबा काही बोलणार तेवढ्यात मागच्या दारातून आई म्हणाली, "करू द्या की तिला. इतका डाव तुमी बसवलासा, एक डाव ती बसवंल." तिचे हात पिठाचे होते. तिनं खांद्यावरचा धुतलेला पंचा काढून माझ्याकडं फेकला. गॅरेजातलं प्रत्येक फडकं तेलकट होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं, माझ्या आलं नव्हतं.

मी पदर खोचला. आधी पाईपच्या आत साठलेलं तेल काढलं, तोंड पेट्रोलनं पुसलं, मग आईच्या पंचानं, बोट लावलं तर करकर वाजावं इतकं कोरडं. नव्या होजची आतली बाजूही तशीच पुसली. होजच्या आतून फवारा मारला आणि ओला असतानाच तो पाईपवर चढवला. पाईपच्या तोंडाला एक उंचवटा असतो. होज त्याच्या बराच पलीकडं सरकवला आणि क्लिप उंचवट्याच्या मागं घेतली, म्हणजे होजनं निसटायचं म्हटलं तरी उंचवटा आडवा येतो. मग आवळायला घेतलं, रबर दबेल एवढंच, रुतेल इतकं नाही. इसाकचाचा कमरेवर हात ठेवून बघत होते. आबा बघत नाही असं दाखवत बघत होते.

नेमकी त्याच वेळी कोडोलीची जीप दारात थांबली. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई आणि लग्न जुळवणारा मध्यस्थ उतरले. मुलाच्या आईनं ट्रकच्या पोटात वाकलेली जरीची साडी बघितली आणि विचारलं, "ही कोण? काय करायलीया?"

मी वाकल्यावाकल्या म्हटलं, "मीच ती. बसा पावणं, क्लिप आवळतो आन् हात धुऊन येतो."

पोहे झाले, चहा झाला. मी गालावर काळा पट्टा घेऊन समोर बसले. तो पट्टा पाहुणे गेल्यावर आईनं दाखवला. मुलाच्या आईनं माझ्या नखांवरून नजर काढली नाही. तिनं विचारलं, "सैपाक येतो का?" मी म्हटलं, "येतो. इंजिनबी उतरवतो." मुलगा फिस्सकन हसला आणि त्याच्या आईनं डोळे वटारल्यावर गप्प झाला. बिचारा वाईट नव्हता. कळवतो म्हणून ते गेले. गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, सांधा वाळला, आणि दुसऱ्या दिवशी एक फेरी मारून आणल्यावर मी क्लिप पुन्हा एकदा बघितली.

पुढच्या खेपेला मी गाडीत बसणार असं जाहीर केलं. माझा सांधा, मीच ऐकणार. आबा म्हणाले, "एकटी कशी जाशील?" आणि तेही चढून बसले. इसाकचाचा स्टिअरिंगवर, मध्ये मी, दाराशी आबा. मांडीवर आईनं बांधून दिलेल्या भाकरी आणि खर्डा. रत्नागिरीला गाठी उतरल्या, चिरे भरले, आणि आम्ही घाटाला लागलो.

चढ सुरू झाला तशी टर्बोची शिट्टी वर वर जायला लागली. केबिनमध्ये तिघांचेही कान त्या शिट्टीला लागलेले. ज्या वळणावर गाडी मागं सरली होती ते दिसलं तेव्हा इसाकचाचा ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि त्यांनी गिअर खाली टाकला. इंजिन गरजलं. मी डोळे मिटून फक्त ती शिट्टी ऐकत होते. तिला जरा जरी फाटा फुटला असता तर माझं सगळं आयुष्य तिथंच वळलं असतं, आणि ते मी कबूल करून बसले होते. भीती वाटत होती, खूप. पण मी बरोबर आहे यात मला शंका नव्हती, आणि भीती वाटणं वेगळं, माघार घेणं वेगळं. शिट्टी फाटली नाही. वळण मागं पडलं, पुढचंही पडलं, आणि वरचा गार वारा केबिनमध्ये शिरला.

घाटमाथ्यावर आंबा गावात चहाला थांबलो. आबा कुणाला न सांगता इंजिनाकडं गेले. त्यांनी झाकण उघडलं आणि उजव्या हाताचं पहिलं बोट होजच्या कडेवरून हळूच फिरवलं. मग ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. बोट कोरडं होतं. मला वाटलं, आता काही बोलतील. ते म्हणाले, "च्या घे, गार होईल."

आता क्लिपा चांगल्या मिळतात, स्प्रिंगच्या, रबराबरोबर आकसणाऱ्या. तरी पोरं तेलाचं बोट लावतात ते लावतातच, आणि मग गाडी माझ्याकडं येते. माझ्या पेटीत पान्यांबरोबर आजही पार्लरचा डबा असतो. नवं गिऱ्हाईक हसलं तर मी त्याला हसू देते आणि घाट चढून आल्यावर बोल म्हणते. खंडेनवमीला सगळी हत्यारं, सगळी इंजिनं तेलाच्या फडक्यानं चमकतात, ती रीत मी मोडलेली नाही. वस्तादांच्या फोटोलाही बोट लागतं, आणि शेजारच्या आबांच्या फोटोलाही. होजच्या सांध्याला मात्र फक्त हळदीकुंकू. कोरडं.

तर त्या पहिल्या खेपेला आंब्याहून आम्ही परत आलो तेव्हा गॅरेजात कोडोलीचा मध्यस्थ खुर्ची टाकून बसला होता. आई त्याला दुसरा चहा देत होती. आम्हाला बघून तो हसत उठला. "आबा, तोंड गोड करा. पोरगी पसंत हाय त्यास्नी. एवढंच म्हणणं हाय, हे गॅरेजबिरेज आजपास्नं बंद."

"मग मला त्ये पसंत न्हाईत," मी म्हटलं.

मध्यस्थाचं हसू तसंच राहिलं. त्यानं आबांकडं बघितलं. "आबा, मोठी माणसं बोलत्यात आन् पोरगी मधी बोलतीया." इसाकचाचा गाडीतून उतरता उतरता थांबले. लेथ, फाउंड्री, सगळं चालू होतं, पण मला फक्त आबांचा श्वास ऐकू येत होता. ते दोन शब्द येतील म्हणून मी अंग ताठ करून उभी होते, आणि आले तरी हलायचं नाही हे ठरवून उभी होते.

आबांनी खिळ्यावरचा आईचा कोरडा पंचा काढला आणि माझ्या हातात दिला.

"इसाकच्या बाकीच्या गाड्या याल्यात," ते मध्यस्थाला म्हणाले. "त्यांचं होज बसवायचं हाईत. मला त्ये येत न्हाय." मग माझ्याकडं वळून, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "वंदी, पुढं ये."